अंगठाबहाद्दर

गिऱ्हाईक दुकानात आलं की मामा आधी त्याचा हात मागतात. पैशाचं नंतर. नवखा माणूस तळवा उताणा करून पुढे धरतो, चेहऱ्यावर आपोआप गांभीर्य आणतो आणि साडेसाती कधी उतरणार हे विचारायच्या बेतात असतो. मामांना त्याच्या शनीशी कर्तव्य नसतं. ते अंगठ्याच्या बुडापासून टोकापर्यंत प्लॅस्टिकची फुटपट्टी लावतात, अंगठा दोनदा वाकवून बघतात, तळव्याला घाम किती येतो ते आपल्या बोटाच्या पाठीनं चाचपतात आणि निकाल देतात.

"तुमाला जपानी चालायचा नाही. अमेरिकन घ्या."

"मामा, मला टीव्हीच्या रिमोटचे सेल पायजे होते."

"सेल देतो की. पण हात लई चांगलाय. वाया चाललाय म्हणून सांगितलं."

परभणीत स्टेशन रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. पाटीवर टीव्ही, मिक्सर, इस्त्री, पंखा अशी यादी आहे आणि मामांचं पोट त्या यादीवर चालतं. उन्हाळ्यात कूलरचे पंप, दिवाळीत मिक्सर, पावसाळ्यात वीज पडून जळलेले टीव्ही. जीव मात्र यादीत नसलेल्या वस्तूत आहे, ती म्हणजे व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. मामांच्या आणि एकूणच गावाच्या तोंडी तोही रिमोटच. काउंटरच्या काचेखाली जुने रिमोट वायरी नीट गुंडाळून मांडलेले आहेत. ते विकायचे नाहीत. कुणी किंमत विचारली तर मामांना ऐकू येत नाही.

प्रत्येक गावात कुठल्या तरी एका वस्तूचा असा एक माणूस असतो. पानात चुना किती, सायकलची सीट किती वर, तंबोऱ्याची जवारी कुठं बसते, हे त्याला विचारायचं. त्यानं स्वतः पान खाल्लंच पाहिजे, सायकल चालवलीच पाहिजे असं नाही. वस्तू वापरण्यात त्याला फार रस नसतो. ती हाताला कशी लागते, एवढ्यावर त्याचा जन्म जातो. इतर गावांना अत्तर, सुपारी, घड्याळं असे सभ्य विषय मिळाले. आमच्या वाट्याला रिमोट आला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मामांना त्यात दुरुस्ती हवी आहे. "जर्मनी ड्रिल मशीनला ठीक," ते म्हणतात. "हाताला जपानच."

यातली गंमत अशी, की मामांनी आजवर एकही गेम शेवटपर्यंत नेलेला नाही. 'कॉन्ट्रा'त तिसऱ्या टप्प्याला धबधबा लागतो, सैनिकानं खडकांवरून उड्या मारत वर जायचं असतं. आमच्या पिढीतली पोरं तिथं श्वास रोखून बसायची. मामा तिथवर पोचले की बटणं सोडून आमच्याकडे वळायचे. "बघितलं? इथं आल्यावर डावा अंगठा दुखतो. उजवा नाही दुखत. कामून?" त्यांचं 'कामून' पुरं होईस्तोवर सैनिक पाण्यात गेलेला असायचा. त्याचं दुःख त्यांना कधी झालं नाही. तीस जीव मिळवून देणारी ती प्रसिद्ध वर-वर-खाली-खालीची किल्ली गावाला ठाऊक होती; मामांचं म्हणणं, ती किल्ली म्हणजे डाव्या अंगठ्याचा फुकटचा व्यायाम.

नव्वदच्या दशकात त्यांनी नानलपेठेत एक खोली भाड्यानं घेऊन पार्लर काढलं होतं. दोन रंगीत टीव्ही आणि एक ब्लॅक अँड व्हाइट, ज्याचा दर अर्धा. निन्टेंडोचं नाव असलेला डबा तेव्हा परभणीत कुणी पाहिलेला नव्हता. निन्टेंडोचा 'फॅमिकॉम' जपानात १९८३ च्या जुलैत निघाला. आमच्याकडे तो पोचला तो दुसऱ्याच नावांनी. कुणाकडे 'समुराई', कुणाकडे नुसताच चिनी डबा. 'समुराई'वाल्या घरातलं पोरगं गल्लीत जरा ताठ चालायचं. रिमोटला नऊ टोकांची पिन, वायर इतकी आखूड की टीव्हीच्या पायाशीच बसावं लागे, आणि लाल बटणांच्या वर आणखी दोन टर्बो बटणं. टर्बो दाबून धरलं की गोळ्या आपोआप सुटतात. टर्बोमुळे पोरं आळशी झाली हे खरं, पण अंगठे वाचले हेही खरं. या प्रश्नावर मामांचं अजून ठरलेलं नाही.

पार्लर चाललं नाही. मामा त्याचा दोष लोडशेडिंगला देतात. आम्ही तिथले गिऱ्हाईक, त्यामुळे खरं कारण आम्हाला माहीत आहे. तासाचे पैसे मोजून पोरगं खेळायला बसलं, की मामा त्याच्या मागं येऊन उभे राहायचे.

"मूठ सैल सोड."

"मामा, गोळ्या लागायल्यात!"

"लागू दे. मनगट सरळ ठेव. रिमोट पळून चाललाय का? मग आवळायलास कशाला?"

आणि मरणाच्या क्षणी ते पोराच्या हातातून रिमोट काढून कसा धरायचा ते दाखवायचे. पुढच्या गल्लीत दुसरं पार्लर निघालं. तिथं कुणी मनगटाकडे बघत नसे. सगळी पोरं तिकडं गेली.

पार्लर बुडालं, पण मामांचा मूळ सिद्धान्त तिथंच तयार झाला. तो रिमोट म्हणजे सरळ आयत. त्याचे खालचे दोन कोपरे अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते, नेमके तिच्यात रुततात. तासभर खेळलं की दोन्ही तळव्यांवर एकेक लाल वळ. गल्लीतल्या आया संध्याकाळी पोरांचे तळवे बघून ट्यूशन कुणी बुडवली ते ओळखायच्या. हे वळ बघून मामा अस्वस्थ झाले. आयांचा मुद्दा निराळा होता, मामांचा निराळा. एका रविवारी त्यांनी कानस घेतली आणि पार्लरमधल्या सगळ्या रिमोटचे कोपरे घासून गोल केले. दोन रिमोट घासता घासता आरपार गेले, त्यांना एम-सीलनं बुजवलं. पुढे कधी तरी त्यांना कळलं, की जपानी लोकांनी सुपर फॅमिकॉमचा रिमोट १९९० सालीच गोल टोकांचा काढलाय. दुसरा कुणी असता तर 'माझी कल्पना चोरली' म्हणाला असता. मामा एवढंच म्हणाले, "शहाणी माणसं एकाच ठिकाणी पोचतात. त्यांना गाडी लवकर मिळाली."

त्यांच्या दुकानात विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी एका जपानी गृहस्थाचा फोटो आहे. नवं गिऱ्हाईक त्यांना सासरे समजतं. ते गुनपेई योकोई. डाव्या अंगठ्याखाली जी अधिकच्या चिन्हाची कळ असते, ती या माणसानं १९८२ साली 'डाँकी काँग'च्या हातात धरायच्या खेळासाठी बसवली. त्याआधी दिशा बदलायला दांडा असायचा. दांड्याला अख्खी मूठ लागते, या कळीला फक्त अंगठ्याचं पेर. पण मामांची भक्ती त्या कळीमुळे नाही. योकोई निन्टेंडोत लागले तेव्हा ती कंपनी पत्ते छापायची, आणि यांचं काम होतं त्या कारखान्यातली यंत्रं चालू ठेवायचं. "मिस्त्री होता," मामा फोटोकडे बोट करून सांगतात. त्या वेळी त्यांच्या दुसऱ्या हातात कुणाच्या तरी मिक्सरचा कपलर असतो.

पहिल्या फॅमिकॉमची एक फजितीही ते आवडीनं सांगतात. सुरुवातीच्या रिमोटला चौकोनी, रबराची बटणं होती. ती दाबली की खाचेत अडकून बसायची. मग कंपनीनं गोल आणि प्लॅस्टिकची केली. एवढ्या मोठ्या कंपनीचं बटण अडकलं होतं, या गोष्टीनं मामांना आजही धीर येतो.

प्लेस्टेशनवर मात्र ते हळवे होतात. डिसेंबर १९९४ मध्ये सोनीनं तो जपानात काढला. तेइयू गोतो या डिझाइनरनं रिमोटला खाली दोन मुठी दिल्या. वरच्या साहेबांना त्या नको होत्या; लोकांना सपाट रिमोटची सवय आहे, असलं शिंगाचं कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं. सपाट नमुनाही तयार झाला. पण कंपनीचे प्रमुख नोरिओ ओगा स्वतः विमान चालवायचे, हातात धरायच्या वस्तूची किंमत त्यांना माहीत होती. त्यांनी सपाट नमुना परत पाठवला आणि मुठी राहिल्या. हा प्रसंग मामा अशा रीतीनं सांगतात, की ओगासाहेबांच्या केबिनमध्ये त्या दिवशी चहा घेऊन तेच गेले होते. १९९७ मध्ये त्याला दोन काड्या आणि दोन कंपनाच्या मोटारी मिळाल्या, डावीकडे जड आणि उजवीकडे हलकी. तो 'ड्युअलशॉक' रिमोट हातात घेतला की मामा डोळे मिटतात. "डावा हात जमिनीचा, उजवा हात आभाळाचा," असं काहीतरी पुटपुटतात. याचा अर्थ विचारू नये. विचारला तर रिमोट उघडून दोन्ही मोटारी दाखवतात आणि तुमची गंगाखेडची बस जाते.

एकदा एका गिऱ्हाइकाचा भाऊ अमेरिकेहून पहिल्या एक्सबॉक्सचा रिमोट घेऊन आला. २००१ साली निघालेला हा रिमोट इतका अवाढव्य होता, की तो 'ड्यूक' या सरदारी नावानंच ओळखला जाऊ लागला. जपानी हातांसाठी कंपनीला पुढच्या वर्षी लहान आवृत्ती काढावी लागली, आणि शेवटी अमेरिकेतही तीच चालली. मामांनी ड्यूक दोन दिवस दुकानात ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दिला. कुणाचा अंगठा मधल्या बटणांपर्यंत पोचेना. तालमीतल्या एका पैलवानाला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यानं रिमोट धरला, मामांनी चारही बाजूंनी फिरून बघितला आणि टाळी वाजवली. "बसला!" पैलवानाला गेम काय असतो ते माहीत नव्हतं. त्यानं टीव्ही कुठं आहे एवढंही विचारलं नाही. चहा पिऊन गेला.

परभणीच्या हवेनं मामांना जे शिकवलं ते जपानच्या कारखान्यात कुणाला कळणं शक्य नाही. मे महिन्यात इथं पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. चकचकीत प्लॅस्टिक घामानं निसटतं. म्हणून काही कंपन्या मुठीवर रबरी मऊ लेप देतात. दुकानात तो हाताला गोड लागतो. दोन उन्हाळे गेले की तोच लेप चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि रिमोट धरल्यावर हात धुवावासा वाटतो. मामा स्पिरिटनं तो लेप पूर्ण उतरवून देतात आणि वर टाल्कम पावडरची चिमूट. हिवाळ्यात उलटं. कृषी विद्यापीठाच्या परिसरात एखाद्या पहाटे पारा पाच अंशांखाली उतरतो, पेपरात फोटो येतो, आणि मामा रिमोट टीव्हीच्या डोक्यावर ठेवून शेकून घेतात. जुन्या टीव्हीच्या डोक्यावर जागा होती. नव्या टीव्हीला डोकंच नाही, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

आता एवढ्या सुखासीन माणसाची बैठक कशी असेल? तीन पायांचं स्टूल, चौथ्या पायाच्या जागी वीट. चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. चप्पल दोन नंबर लहान, कारण सेलूच्या लग्नात अदलाबदल झाली आणि "चालतंय की" म्हणून राहिली. कंबर धरते, मान अवघडते, त्याबद्दल चकार शब्द नाही. मामांच्या लेखी माणसाचं शरीर मनगटापासून पुढं सुरू होतं.

प्लेस्टेशन पाचचा रिमोट गावात आला, तेव्हा मामांनी त्याची जी परीक्षा घेतली ती आम्ही समक्ष पाहिली. आधी तो घेऊन ते शेजारच्या सराफाकडे गेले. काट्यावर २८० ग्रॅमच्या आसपास. आधीच्या पिढीचा २१० च्या घरात होता. सराफानं सवयीनं विचारलं, "मोडायचंय का?" मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी मुठीची पाठ तपासली. तिथला खरखरीतपणा म्हणजे नुसते ठिपके नाहीत. त्रिकोण, गोल, फुली, चौकोन ही प्लेस्टेशनची चार चिन्हं मुंगीच्याही डोळ्याला दिसणार नाहीत एवढी बारीक करून हजारोंनी कोरलेली आहेत. मामा बराच वेळ भिंग लावून बसले. दुकानात कूलर घेऊन आलेला माणूस ताटकळला. "दिसत नाही तरी कोरलंय," मामा म्हणाले. "हाताला कळावं म्हणून." आणि लगेच पुढं, "पण काडीत परत तोच व्हॉल्यूम घातलाय लेकांनी."

हे व्हॉल्यूमचं प्रकरण त्यांच्या फार जिव्हारी लागलेलं आहे. काडी कुठं झुकली हे ओळखायला आत जो भाग असतो, तो रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूमचाच सख्खा भाऊ. कार्बनच्या पट्टीवर पातळ पत्रा घासत राहतो. पट्टी झिजली की काडीला हात न लावता खेळाडू आपला चालायला लागतो. जुन्या रेडिओचा कान पिळला की खरखर व्हायची, तोच रोग. लोहचुंबकाचा उपाय आहे, त्यात घासणं नाही म्हणून झिजणंही नाही. सेगानं तो १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये घातलाही होता. मग सेगानं रिमोट आणि मशीन दोन्ही बनवणं सोडलं. मामांच्या मते देव चांगल्या लोकांना लवकर नेतो तो असा.

मामी पालम तालुक्यातल्या. लग्नाआधी रोज खुरपायला जात. त्यांनी आयुष्यात रिमोट एकदाच हातात घेतला, तोही पुसायला. दुकानातला ड्युअलशॉक फडक्यानं पुसता पुसता त्यांनी तो मुठीत धरला आणि म्हणाल्या, "अहो, ह्याची मूठ आमच्या खुरप्यावानी आहे की. बुडाला जाड, पुढं बारीक. पण खुरपं एकाच हाताचं असतं. तुमच्या ह्याला दोन्ही हात गुतून राहतात, मग माशी कोणी हाकायची?"

मामा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी घरातली सगळी खुरपी दुकानात आणून काउंटरवर मांडली. मुठीचा घेर दोऱ्यानं मोजला. त्याच सुमारास त्यांना कुणीतरी सांगितलं, की आपल्याच कृषी विद्यापीठात, सामुदायिक विज्ञान (पूर्वीच्या गृहविज्ञान) महाविद्यालयात, शेतकरी बायकांच्या कामातला त्रास कमी करणारी अवजारं आणि साधनं यांवर वर्षानुवर्षं संशोधन चालतं. मामा सायकल काढून थेट तिकडं. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण परत आले ते पेटूनच. त्यांच्या खिशात एका जुन्या बातमीचा कागद होता. निन्टेंडोच्या 'मारिओ पार्टी'त काडी गरागरा फिरवावी लागायची, पोरं ती तळव्यानं घासून फिरवायची आणि तळव्याला फोड यायचे. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं कंपनीला धरलं आणि २००० साली कंपनीनं पोरांना हातमोजे द्यायचं कबूल केलं.

"गेम खेळून फोड आले, तर हातमोजे," मामा भर बोळात उभे राहून सांगत होते. "आन् मानवतच्या शिवारात बाया कापूस वेचायल्या. बोंडाचं टोक नखात जातं. भेंडी तोडायल्या, हाताची खाज रात्री झोपू देत नाही. त्यांना कोणी दिले का?" पेट्रोल भरायला निघालेला एक इसम थांबला, ऐकलं, "बराबर आहे" म्हणाला आणि गेला. मामींनी मागून आवाज दिला, "भाषण झालं असंल तर खुरपी घेऊन या. उद्या पाटलाकडं जायचंय."

एक काम त्यांनी गाजावाजा न करता केलं. जिंतूर तालुक्यातल्या एका पोराची उजव्या हाताची तीन बोटं मळणी यंत्रात गेली होती. तो दुकानात टीव्ही न्यायला आला आणि काचेखालच्या रिमोटकडे बघत राहिला. अशा हातांसाठी मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये एक रिमोट काढला, ज्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणं आणि मागं हवी ती बटणं जोडायला १९ छिद्रं आहेत. मामांकडे तो येणार कुठून? त्यांनी दारावरच्या घंटीची सहा बटणं एका पाटावर बसवली, जुन्या रिमोटच्या पट्टीला वायरी जोडल्या आणि पाट त्याच्या मांडीवर दिला. दोन तीन तळव्याखाली, एक कोपराखाली, बाकीची डाव्या हाताला. पोरगं तासाभरात मामांना कुस्तीच्या गेममध्ये चीत करायला लागलं. मामा हरले, पण त्यांचं लक्ष स्कोअरवर नव्हतं. "कोपर लई जोरात मारायलास. घंटी फुटंल. शेजारी दार उघडतील."

मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांशी त्यांचं जमत नाही. पब्जी २०२० मध्ये बंद झालं तेव्हा मामा खुश होते. पुढच्या वर्षी ते नाव बदलून परत आलं तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं. काचेवर अंगठा घासणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अंधारात जिना उतरणं, पायरी कुठं संपली ते कळत नाही. पोरं घामासाठी अंगठ्याला कापडी टोप्या घालतात, मोबाइलला चिमट्याची बटणं लावतात. मामा ती बटणं विकतात, कारण पोट आहे. पण विकताना चेहरा असा करतात, की गिऱ्हाइकाला आपण काही चोरीचा माल घेतोय असं वाटावं.

सगळ्यात मोठा प्रसंग घडला तो भाचीच्या लग्नाच्या बोलणीत. स्थळ मानवतचं, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी पसंत पडली, मग आपल्याकडचे लोक घर बघायला गेले. मामांच्या खांद्याला कापडी पिशवी. सगळ्यांना वाटलं, पेढे असतील. पोहे झाले, चहा झाला, वडीलधाऱ्यांनी शेतीत पाणी किती, विहिरीला झरा कसा, हे सुरू केलं. मामांनी पिशवीतून ड्युअलशॉक काढला आणि मुलाच्या हातात दिला.

"धरा."

मुलानं आधी बापाकडे बघितलं. बापानं छताकडे. मुलानं रिमोट धरला. मामा स्टुलावरून उठून त्याच्या मागं गेले, पुढून आले, खाली वाकून मनगट बघितलं.

"दमल्यावर कुठं ठेवता?"

"टेबलावर."

"काड्या वर का खाली?"

"वरच. खाली ठेवल्या तर त्यांच्यावर भार येतो ना."

मामा जागेवर येऊन बसले. बहिणीच्या कानाशी लागले. "पोरगी देऊन टाक. मूठ सैल आहे. कुणाला आवळून धरणारा नाही."

"अरे पण बागायत किती ते विचारलंस का?"

"राहिलं की."

लग्न झालं. मामांनी आहेरात दोन रिमोट दिले. जावयाला मोठ्या हाताचा, भाचीला लहान हाताचा, कारण तिचा अंगठा त्यांनी हळदीच्या दिवशीच मोजून घेतला होता. हळद फुटपट्टीला लागली, ती अजून तशीच आहे. सगळं सुरळीत चाललं होतं. सहा-सात महिन्यांनी पुण्याहून भाचीचा फोन आला. मी त्या वेळी दुकानात इस्त्रीची वायर बदलून घेत होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकू आलं. मामा फोन नेहमी स्पीकरवरच घेतात, हात मोकळे राहावेत म्हणून.

"मामा, माझ्या रिमोटचं आर-टू बसायलंय. दाबलं की वर येईना."

"चहा सांडला का?"

"नाही ओ. सासूबाई आल्यात मानवतहून. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दिवसभर त्याच खेळायल्यात. गाड्यांचा गेम."

"बरं बरं. आर-टू कोणत्या बोटानं दाबतात?"

"अंगठ्यानं."

मामांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. त्यांनी चष्मा काढला, दोरा कानातून सोडवायला थोडा वेळ लागला, आणि आत भाकरी थापत असलेल्या मामींना इथूनच ओरडून विचारलं,

"अगं, आपण घर बघायला गेलो तवा विहीनबाईंच्या हातात कामून नाही दिला रिमोट?"